महत्तर ते ज्येष्ठ नागरिक



आजच्या व्याख्यानाचा विषय शब्दांचा असला, तरी तो तुमच्या-माझ्या घरातला आहे. घरातले माणूस म्हातारे झाले, असे आपण सरळ म्हणत नाही. "बाबा हल्ली थकलेत", "आईचं वय झालं", "त्यांनी चार पावसाळे जास्त पाहिलेत", "पिकलं पान ते", असे म्हणतो. आपल्या पेडण्याच्या बोलीत ‘पिरायेचो मनीस’ म्हणतात. पिराय म्हणजे वय; जणू बाकीच्यांना वयच नसते! कोणी ‘जाणटो’ म्हणतात आणि त्या शब्दात ‘जाण’ ऐकू येते. छापील मराठीत वयस्क, वयोवृद्ध, उतारवय, जीवनसंध्या आणि सर्वांत अलीकडचा ‘ज्येष्ठ नागरिक’. एकाच अवस्थेसाठी इतके शब्द का लागावेत?

मी भाषेचा प्राध्यापक नव्हे, होमिओपॅथीचा डॉक्टर आहे. पण आमच्या शास्त्रात शब्दाला मोठा मान आहे. रोग्याची हकीकत वैद्याने रोग्याच्याच शब्दांत लिहून घ्यावी, त्यात स्वतःचे शब्द मिसळू नयेत, असे हानेमानने ‘ऑर्गेनॉन’मध्ये बजावले आहे. त्यामुळे तीन दशकांहून अधिक काळ मी लोकांचे शब्द वह्यांत उतरवत आलो आहे. त्या वह्यांत आजारांची जेवढी नावे आहेत, तेवढीच वार्धक्याची टोपणनावे आहेत. मीही साठी ओलांडली आहे, तेव्हा यातली काही आता मलाही लागू झाली आहेत. म्हणून या शब्दांचा इतिहास शोधावासा वाटला.

सुरुवात ‘म्हातारा’ या शब्दापासून करतो, कारण बाकीचे सगळे शब्द त्याला चुकवण्यासाठीच आले, असे आपण समजतो. पण हा शब्द मूळचा कोणता? संस्कृत ‘महत्तर’. महत् म्हणजे मोठा, महत्तर म्हणजे अधिक मोठा. राष्ट्रकूटांच्या आठव्या ते दहाव्या शतकांतील ताम्रपटांत जमिनीचे दान दिल्याची आज्ञा ज्यांना उद्देशून दिलेली असते, त्या यादीत राष्ट्रपती, विषयपती, ग्रामकूट यांच्या मागोमाग ‘महत्तर’ येतात. हे महत्तर म्हणजे गावातील जुनी-जाणती, वजनदार माणसे. राजाने जमीन दिली, तरी ती कोणती, तिची हद्द कुठवर, हे यांना ठाऊक असायचे. रायगडकडच्या म्हात्रे या आडनावाचे मूळही याच शब्दात सांगतात. म्हणजे ‘म्हातारा’ हे मूळचे वयाचे नावच नव्हे. ते पदाचे नाव. आपण आज जसे ‘ज्येष्ठ’ म्हणतो, तसा तो त्या काळचा आदराचा शब्द होता.

तो आदर तेराव्या शतकातही शिल्लक होता, याचा पुरावा मराठीच्या पहिल्या गद्य चरित्रग्रंथात आहे. म्हाइंभटांच्या ‘लीळाचरित्रा’त चक्रधरस्वामी आपली शिष्या महदाइसा हिला ‘म्हातारी’ म्हणतात आणि ते कौतुकाने म्हणतात. ती सतत काही ना काही विचारत असते, चर्चा करते, तिला जाणून घेण्याची इच्छा आहे, असा त्या बोलण्याचा भाव आहे. जिज्ञासेची दाद देताना गुरू तिला ज्या शब्दाने संबोधतात, तो शब्द आज कोणा बाईला उद्देशून वापरून पाहा! सातशे वर्षांत शब्दाची किंमत किती उतरली, ते लगेच कळेल.

दुसरा शब्द याहून खाली घसरला. संस्कृत ‘स्थविर’ म्हणजे स्थिर झालेला, मुरलेला. पाली-प्राकृतात त्याचे ‘थेर’ झाले. बौद्ध संघात थेर आणि थेरी हे ज्येष्ठ भिक्षु-भिक्षुणींचे बिरुद. आम्हा जैनांतही स्थविर हे मोठ्या मानाचे पद. जैन परंपरा या भूमीला परकी नाही. डिचोली तालुक्यात कुडणे येथे आणि फोंड्याकडे बांदिवडे येथे जैन मंदिरांचे अवशेष आजही उभे आहेत. श्वेतांबर आगमांपैकी ‘स्थानांगसूत्रा’त स्थविराचे तीन प्रकार सांगितले आहेत. साठ वर्षे वय झालेला श्रमण तो जातिस्थविर, विशिष्ट आगमांचे ज्ञान असलेला तो श्रुतस्थविर, आणि दीक्षा घेऊन वीस वर्षे झालेला तो पर्यायस्थविर. यातल्या दोन गोष्टी मला महत्त्वाच्या वाटतात. एक म्हणजे साठीची रेषा, जी आपण सरकारी समजतो, ती एवढी जुनी आहे. दुसरी म्हणजे वय हा मोठेपणाचा तीनपैकी एकच मार्ग मानला आहे; ज्ञान आणि साधना हे दोन मार्ग तरुणालाही खुले आहेत. ज्याला स्थविर म्हणायचे, तो कशामुळे स्थविर, हेही सांगावे लागे.

त्या ‘थेर’चे मराठीत काय झाले? ‘थेरडा’ आणि ‘थेरडी’. संघाचा वडीलधारा साधू ज्या नावाने ओळखला जाई, त्याचे शिवीत रूपांतर झाले.

तिसरा शब्द ‘वृद्ध’. त्याचा धातू वृध्, म्हणजे वाढणे. वृद्धी, वर्धन, वर्धापनदिन ही त्याची भावंडे. वृद्ध म्हणजे वाढलेला, भरलेला. त्यात ऱ्हासाचा मागमूस नाही. त्यापासून आलेला ‘बुढ्ढा’ मात्र तोंडावर कोणी कोणाला म्हणणार नाही. आणि ‘ज्येष्ठ’? पाणिनीने वृद्ध या शब्दाचे तमभाववाचक रूप ज्येष्ठ असेच सांगितले आहे. म्हणजे ‘वृद्ध म्हणू नका, ज्येष्ठ म्हणा’ असा जो आग्रह आपण धरतो, त्यात व्याकरणाप्रमाणे आपण त्या माणसाला ‘सर्वांत वृद्ध’ म्हणत असतो! महत्तर या तुलनेच्या शब्दापासून निघालो आणि ज्येष्ठ या टोकाच्या शब्दाशी येऊन थांबलो. याच्या वरची पायरी आता व्याकरणात शिल्लक नाही.

मात्र याच काळात काही शब्द अजिबात झिजले नाहीत. ‘आजा’ आणि ‘आजी’ पाहा. त्यांचे मूळ ‘आर्य’ या आदरवाचक शब्दात आहे. प्राकृतात ‘अज्जिआ’ म्हणजे आजीही आणि साध्वीही. जैन साध्वींना आजही आर्यिका म्हणतात. स्थविर आणि आर्य हे दोन्ही शब्द सारख्याच मानाने निघाले. एकाचा थेरडा झाला, दुसऱ्याची आजी झाली. ‘वडील’ या शब्दाचेही तसेच. मूळ अर्थ वयाने मोठा; तो पुढे बापाचे नाव झाला आणि ‘वडीलधारी’, ‘वडीलकी’ या रूपांत त्याचा मान अजून टिकून आहे.

हा फरक का पडला असावा? मला असे दिसते, की आजीला नातवंड असते. त्या शब्दामागे रोजचे काम असते, कोणाला तरी तिची गरज असते. महत्तरालाही एके काळी काम होते. हद्दीचा दगड कुठे होता, हे त्याच्याशिवाय कोणी सांगू शकत नव्हते. पुढे हद्दी कागदावर आल्या, गावाचा कारभार कचेरीत गेला आणि महत्तराच्या हाती फक्त त्याचे वय उरले. काम सुटल्यावर त्या शब्दाला केवळ सौजन्याने किती काळ तोलून धरणार? आपल्याकडे अजून एक जागा अशी आहे, की जिथे हे उघड दिसते. पेडण्याच्या पुनवेला किंवा गावच्या कोणत्याही देवकार्यात गाऱ्हाणे घालायला जो मानकरी उभा राहतो, तो बहुधा म्हाताराच असतो. त्या क्षणी त्याच्यासाठी कोणी मऊ शब्द शोधत नाही, कारण त्याची जागा सर्वांना माहीत असते.

आपल्या पूर्वजांना वार्धक्य झाकण्याची फार हौस नव्हती, हेही नोंदवले पाहिजे. शके १२१२, म्हणजे इसवी सन १२९० मधल्या ज्ञानेश्वरीत तेराव्या अध्यायात जरेचे जे वर्णन येते, ते वाचून आजही अंगावर काटा येतो. डोळे, कान, दात, हातपाय, घरच्यांची वागणूक, काहीही वगळलेले नाही. परंपरेप्रमाणे सांगणाऱ्याचे वय तेव्हा पंधरा वर्षांचे. पुढे येणारी अवस्था आधीच नीट पाहून ठेवावी, हा त्या सांगण्याचा हेतू. लोकभाषाही तशीच रोखठोक; ‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण आपण सर्वांनी ऐकली आहे. धार्मिक विधींची नावे पाहा. साठाव्या वर्षी उग्ररथ शांती, पासष्टाव्या वर्षी मृत्युंजय महारथी, सत्तराव्या वर्षी भौमरथी. पुढे काय येणार आहे, ते नावातच सांगून टाकलेले. सहस्रचंद्रदर्शन हे त्यातले सर्वांत सुंदर नाव, आणि त्यातही गणित आहे. एका पौर्णिमेपासून दुसरीपर्यंत साडेएकोणतीस दिवसांहून थोडे अधिक धरले, तर हजार पौर्णिमांना सुमारे ऐंशी वर्षे दहा महिने लागतात. हे नाव वय लपवत नाही, फक्त वेगळ्या मापाने मोजते.

मग आली महोत्सवांची भाषा. व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाला पन्नास वर्षे झाली म्हणून १८८७ साली आणि साठ वर्षे झाली म्हणून १८९७ साली साऱ्या साम्राज्यात समारंभ झाले. त्यातल्या दुसऱ्या समारंभाच्या रात्री, २२ जून १८९७ रोजी, पुण्यात चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली, म्हणून तो हीरक महोत्सव मराठी माणसाच्या लक्षात राहिला. राज्याच्या वर्षांसाठी योजलेली ही सोन्या-हिऱ्यांची मोजणी पुढे संस्थांना आणि माणसांच्या वयालाही लागली. पंचाहत्तरीला आपण अमृतमहोत्सव म्हणू लागलो. अमृत म्हणजे जे मरत नाही ते. जुन्या शांतीविधीत मृत्यूचे नाव घेऊन त्याला सामोरे जायचे. नव्या महोत्सवात नकारार्थी ‘अ’ लावून त्याला दाराबाहेर ठेवायचे. सत्कार, शाल, श्रीफळ, गौरवअंक हे सगळे छान आहे, मीही असल्या समारंभांत भाषणे केली आहेत. पण दुसऱ्या दिवशी त्या सत्कारमूर्तीला कोणी काय विचारतो, हा प्रश्न उरतोच.

शेवटचा टप्पा सरकारचा. जर्मनीत बिस्मार्कच्या काळात १८८९ साली वार्धक्यवेतनाचा कायदा झाला, तेव्हा त्यासाठी वयाची अट सत्तर होती. १९१६ साली ती पासष्टवर आणली. म्हातारा कोण, हे आता गाव किंवा घर नव्हे, तर कायदा ठरवू लागला. आपल्या केंद्र सरकारच्या नोकरांचे निवृत्तीचे वय १९९८ साली अठ्ठावन्नचे साठ झाले. म्हणजे लाखो माणसे एका आदेशाने दोन वर्षे तरुण राहिली!

‘ज्येष्ठ नागरिक’ हा शब्द ज्या इंग्रजी शब्दाचा अनुवाद आहे, तो अमेरिकेत १९३८ साली निवडणुकीच्या प्रचारात पुढे आला. कॅलिफोर्नियातून सिनेटसाठी उभे असलेले शेरिडन डाउनी यांनी तो वापरला. पन्नाशी ओलांडलेल्या बेकारांना दर गुरुवारी तीस डॉलर द्यावेत, अशी एक योजना तेव्हा तिथे गाजत होती आणि डाउनी तिच्या बाजूने होते. ते निवडून आले. योजना मतदानात पडली. शब्द तेवढा टिकला. पैसे मिळाले नाहीत, पदवी मिळाली.

आपल्याकडे १९९९ साली केंद्राने वृद्धांसाठी राष्ट्रीय धोरण जाहीर केले आणि २००७ साली आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या चरितार्थाचा कायदा झाला. साठ वर्षे पूर्ण झालेला तो ज्येष्ठ नागरिक, अशी व्याख्या त्यात आली. मुलांनी आईबापांना पोसावे, हे सांगण्यासाठी कायदा करावा लागला, हीच गोष्ट बोलकी आहे. ज्या काळात शब्द सर्वांत सभ्य झाला, त्याच काळात न्यायाधिकरणाकडे अर्ज करण्याची वेळ आली.

गोव्याचा अनुभव थोडा निराळा. १७८८ साली पेडणे पोर्तुगीजांकडे गेले, तरी घरातली मराठी आणि देवळाचे मानपान चालू राहिले. पण निराधारांच्या सोयीची भाषा पोर्तुगीज झाली. म्हापशाच्या सरकारी इस्पितळाला आपण वर्षानुवर्षे ‘आझिलो’ म्हणत आलो. पोर्तुगीजमध्ये त्याचा अर्थ आसरा, निराश्रितांचे घर. पेडण्याहून तिथे रुग्ण नेताना कोणाच्या मनात तो अर्थ येत नसे. प्रोव्हेदोरियाची वृद्धाश्रमे गोव्यात अनेक ठिकाणी आहेत. ‘वृद्धाश्रम’ हाही सौम्य शब्दच. आश्रम म्हटले की कण्व आणि शकुंतला आठवतात. खाटांची रांग आठवत नाही. दुसरीकडे साठ वर्षे झालेल्यांना दरमहा मदत देणाऱ्या राज्याच्या योजनेला नाव आहे ते पेडण्यात जन्मलेल्या दयानंद बांदोडकरांचे. ते १९७३ साली वयाच्या बासष्टाव्या वर्षी गेले. आजच्या व्याख्येप्रमाणे ते ज्येष्ठ नागरिक होते. पण गोव्याला ते ‘भाऊ’ म्हणूनच ठाऊक आहेत. नात्याच्या शब्दाला वय चढत नाही.

त्याच १९७३ साली आपल्या शेजारच्या आरवलीचे जयवंत दळवी यांचे ‘संध्याछाया’ हे नाटक आले. फ्रान्समध्ये तुलूज येथे ‘तिसऱ्या वयाचे’ पहिले विद्यापीठही त्याच वर्षी निघाले. तिकडे वार्धक्याला नवे, उमेदीचे नाव मिळत होते. इकडे दळवी नाना आणि नानी या दोघांचे रिकामे घर दाखवत होते. नाटकाचे नाव मऊ आहे, पण आत काहीही मऊ केलेले नाही. मुले दूर गेली, घर बोलेनासे झाले, एवढीच गोष्ट. ती तेव्हा मुंबईची वाटली. आज पेडणे तालुक्यात वाड्यावाड्यावर अशी घरे आहेत. मोपाला विमानतळ झाला, मुलगा दुबईहून काही तासांत घरी पोचू शकतो. पण रोज संध्याकाळी चहा कोणाबरोबर प्यायचा, हे त्यातून सुटत नाही. २०११ च्या जनगणनेत देशात साठीवरील लोकांचे प्रमाण सुमारे ८.६ टक्के होते, गोव्यात ते ११.२ टक्के. गोव्याच्या पुढे फक्त केरळ. तेव्हा हा प्रश्न आपल्या दारातला आहे.

आता डॉक्टर म्हणून दोन शब्द. सभ्य शब्द झिजतात, एवढेच असते, तर ते भाषेच्या अभ्यासकांवर सोपवून मी खाली बसलो असतो. पण हे शब्द कधी कधी आजार झाकतात. सत्तरीच्या एका बाईंना मुलगा दवाखान्यात घेऊन आला. म्हणाला, "आवय थकली आतां, पिराय जाली तिची." आधी एके ठिकाणी त्यांना वयोमानाने असे होते, असे सांगण्यात आले होते. मी बाईंना विचारले, थकवा केव्हापासून? त्या म्हणाल्या, चवथीच्या नेवऱ्या त्यांनी एकटीने तळल्या होत्या, आणि आता विहिरीवरून कळशी आणताना वाटेत दोनदा बसावे लागते. चवथ होऊन चारच महिने झाले होते. वयाने माणूस थकतो हे खरे, पण चार महिन्यांत असा थकत नाही. जीभ पांढरी पडली होती. रक्त तपासले, हिमोग्लोबिन सहा. मोठ्या इस्पितळात पाठवले, तिथे आतड्यातला रक्तस्राव सापडला आणि त्यावर उपचार झाले. पुढच्या चवथीला नेवऱ्या त्यांनीच तळल्या.

मुलगा वाईट नव्हता. त्याने आईबद्दल आदरानेच तो शब्द वापरला होता. पण ‘थकली’ म्हटले की पुढे विचारण्यासारखे काही उरत नाही. ‘विसराळू झालेत’ याच्या आड स्मृतिभ्रंश लपतो. ‘हल्ली गप्प असतात’ याच्या आड कमी झालेले ऐकणे किंवा खोल उदासी असते. ‘आता खाणंच कमी झालंय’ याच्या आड कधी दातांचे दुखणे असते, कधी त्याहून गंभीर काही. आणि म्हातारी माणसेही हे शब्द आपल्यावर ओढून घेतात. मुलांना त्रास नको म्हणून ‘वय झालं रे’ म्हणतात आणि दुखणे अंगावर काढतात. हानेमान स्वतः ऐंशीच्या उंबरठ्यावर असताना, १८३५ साली दुसरे लग्न करून जर्मनी सोडून पॅरिसला गेला आणि १८४३ मध्ये मरेपर्यंत तिथे रुग्ण तपासत राहिला. वय झाले म्हणून त्याने स्वतःला सूट दिली नाही, हे त्याच्या औषधांइतकेच आम्ही शिकण्यासारखे आहे.

तेव्हा चारचौघांत ‘ज्येष्ठ’ म्हणा, बसमध्ये उठून जागा द्या, सत्कारात शाल घाला; शिष्टाचार हवाच. शब्द पुढेही बदलत राहतील आणि ‘ज्येष्ठ नागरिक’ हाही कधीतरी झिजेल. तिकिटाच्या खिडकीवर तो ज्या सुरात उच्चारला जातो, तो ऐकता झीज सुरू झालीच आहे. त्याची चिंता करू नका. माझी विनंती दोनच गोष्टींची आहे. घरातल्या म्हाताऱ्या माणसाकडे असे एक तरी काम राहू द्या, जे त्याच्यावाचून अडते; मग ते देवपूजेचे असो, हिशेबाचे असो की नातवाला शाळेच्या बसपर्यंत सोडण्याचे. आणि पुढच्या वेळी "बाबा थकलेत" असे तोंडातून निघाले, तर तिथे थांबू नका. त्यांच्याजवळ बसून विचारा: कशाने, आणि केव्हापासून?